भरलेला तांब्या

दिराविरुद्ध साक्ष द्यायला आलेली ती न्यायालयाच्या तपासणीच्या रांगेत उभी होती. पावलं मात्र परत फिरू पाहत होती. टेबलापाशी दोन पहारेकरणी बोलत होत्या.

“काल आरोपी सारखा खाकरत होता म्हणे, ताई?”

“साक्षीदार पोरगी बोलू लागली की खाकरायचा. तिची वाचाच बसायची.”

“मग?”

“जजसाहेबांना विचारून पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्याशेजारी उभी राहिले. खाकरला की पेला पुढे.”

“प्यायला?”

“न पिऊन करतो काय? पोट तट्ट, घसा गप्प.”

“आणि पोरगी?”

“घडाघडा बोलली. लिहिणारे दमले.”

“आज कोण आहे?”

“वहिनीला धमकावणारा एक दीर. तांब्या भरून ठेवलाय.”

तिने पर्स टेबलावर ठेवली.

“ताई, ती वहिनी मीच. कुठल्या खोलीत बोलायचंय?”