घंगाळावर नाव नको

आज रविवार. सकाळची उपासना झाली. दुपारी आपट्याहून दीर-जाऊ आले. आता संध्याकाळी आपण सगळे चर्चच्या या हॉलमध्ये माझ्या यजमानांच्या, योहानच्या शोकसभेला जमलो आहोत. मला चारचौघांत बोलता येत नाही, तुम्हाला माहीत आहे. आजही बोलणार नव्हते. पण आत्ता सेक्रेटरींनी जाहीर केलं, की गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारी पाय धुण्यासाठी पितळी घंगाळ घेणार आणि त्यावर योहानचं नाव घालणार. म्हणून उठले.

बंधुभगिनींनो, नाव घालू नका.

का, ते सांगते. मागे एका वर्षी, पाळकसाहेब ज्यांचे पाय धुतात त्या बारा जणांत ह्यांची निवड झाली. घरी निरोप आला, "योहानभाऊ, यंदा तुम्ही. पाय स्वच्छ धुऊन या हं." दर वर्षी सगळ्यांना हेच सांगतात. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, ते रस्त्याच्या धुळीनं भरलेले होते. आपल्याकडे माणसं साबण लावून, पावडर मारून, नवे मोजे घालून येतात. हे हसून म्हणाले, "धुतलेलेच पाय परत धुणार? मग तेवढं पाणी झाडांना तरी घाला!"

तेव्हा ह्यांचा डावा पाय साखरेनं बिघडला होता. दोन बोटं काढली होती. एसटी डेपोत उभ्यानं काम, जखम भरत नव्हती. मी म्हटलं, "पट्टी असू द्या की." म्हणाले, "अगं, पायच धुणार आहेत ना? मग पट्टी कशाला?"

पाळकसाहेब, तुम्ही समोर बसला आहात, म्हणून तुमच्यादेखत बोलते. तुम्ही उजवा पाय धुतलात. पुसलात. डावा बघितलात, आणि पुढच्या खुर्चीकडे सरकलात. सरकलात की नाही? मागून आवाज आला, "योहानभाऊ, मोजा चढवा, फोटो काढतायत." सेक्रेटरी, तुम्हीच होता ना ते?

ह्यांनी मोजा चढवला. त्याच पायात.

घरी आल्यावर मी पाणी कोमट केलं, टब घेतला, रोजच्यासारखा तो पाय धुतला. हे म्हणाले, "तिथं बारांत नंबर लागायला नशीब लागतं. इथं माझा रोज लागतो." मी हसले. हे हसले नाहीत.

त्यानंतर हे शेवटच्या बाकावर बसायला लागले. कुणी विचारलं, का? पुढे पाय गुडघ्याखाली कापला, तेव्हा पाळकसाहेब, तुम्ही घरी आलात. दारातच उभे राहून प्रार्थना केलीत. चहासुद्धा नको म्हणालात.

आणि आज तुम्ही सगळे एकामागून एक उठून सांगता, योहान फार नम्र होता. नम्र नव्हते ते. त्यांना राग आला होता. तो त्यांनी गिळला. त्या गिळलेल्या रागाला तुम्ही नम्रता म्हणता.

घंगाळ घ्या, खुशाल घ्या. पण ज्या पायाला तुम्ही हात लावला नाहीत, त्या पायाच्या माणसाचं नाव त्यावर नको.

आता तुम्ही उभं राहून शांतता पाळाल. उभे राहू नका. बसा. बूट-मोजे काढा, आपापल्या पायांकडे बघा आणि गप्प बसा.

मी थांबत नाही. भावजी, तुम्हीही सोबत येऊ नका. मोरीत तो टब अजून तसाच आहे. जाऊन घासते, आणि उपडा घालते.