टाकीच्या झाकणावरची पट्टी

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी डिचोलीच्या पंपावर टाकी फुल करत होतो, तेही अनवाणी. पंपावरचा माणूस माझ्या पायांकडेच बघत होता. त्या पायांचाच हा किस्सा.

दादा, माझा थोरला भाऊ, सुर्ल्याच्या खाणीवर ट्रक चालवायचा, मी डिचोलीत नोकरीला. इब्रामपूरहून रोज दोघे माझ्याच डिझेल गाडीने जायचो. एक टाकी संपेपर्यंत मी चालवायचो, पुढची संपेपर्यंत तो. रस्ता तोच, माणसं तीच, पण त्याची टाकी दोन दिवस जास्त टिकायची. हा खाणीतलं डिझेल तर ओतत नाही ना, असं मनात आलं. त्याच्या पाळीला टाकी भरल्यावर मी गुपचूप झाकणावर चिकटपट्टी लावली. रोज बघायचो. पट्टी जशीच्या तशी, आणि डिझेल पुन्हा दोन दिवस जास्त!

एकदा दादालाच ती दिसली.

"ही पट्टी कित्याक रे?"

"धूळ जाते आत."

त्याने पट्टी नखाने सोलून काढली. मग म्हणाला, "चप्पल काढून चालव. इंजिन कधी ओढता ता पायाक कळता. तू उगाच दाबत ऱ्हवतस."

चावी माझ्या हातात ठेवली. पुन्हा तो कधी माझ्या गाडीच्या स्टिअरिंगवर बसला नाही.

हट्टाने मी महिनाभर चप्पल काढली नाही. मग काढली, आणि फोन आला त्या दिवशी पंपावर आलो तो नेहमीपेक्षा चक्क दोन दिवस उशिरा. संध्याकाळी परतताना हे त्याला सांगणार होतो, पट्टीचं खरं कारणही.

ते सांगायचं राहिलं.