तीन बार

वर्ना: नकाशा गुंडाळ, डेल. एल्क हरणं कुठं उतरलीत ते सांगते, पण विलो क्रीकचं खोरं सोडून.

डेल: कमाल करता, वर्नाबाई. उद्या शिकारीचा मोसम उघडतोय, आणि जिथं कळप तिथंच जाऊ नको म्हणता? मग वन्यजीव खात्याकडे विचारायला आलो कशाला मी?

वर्ना: पूर्वेची धार धर. चढ जिवावर येईल, पण नर आहेत तिकडे. विलो क्रीकमध्ये अस्वलीण आहे, दोन पिल्लांची.

डेल: हात्तिच्या! आमच्या परसातली सफरचंदं खातात की अस्वलं. एक बार काढला की पळत सुटतात.

वर्ना: ही पळत नाही. ही येते. गेल्या मोसमात चौघांनी मारलेली शिकार तिनं ओढून नेली. बार वाजला म्हणजे जेवण तयार, हे तिला पक्कं कळलंय. चौथ्याच्या हातात बंदूक होती. त्याचा तो हात अजून वर जात नाही.

डेल: बार वाजल्यावर किती वेळात येते?

वर्ना: वीसेक मिनिटांत. का रे, तोंड का उतरलं?

डेल: टेट कालच गेलाय तिकडं. तंबू ठोकायला.

वर्ना: तुझा धाकटा भाऊ? एकटा? अस्वल पळवायचा मिरचीचा फवारा तरी आहे ना त्याच्याकडे?

डेल: माझ्याच गाडीत राहिला. पण तो आज बार काढणार नाही हो, नियमाचा पक्का आहे.

वर्ना: फोन लाव त्याला.

डेल: तिथं कुठला लागतोय. म्हणून तर निघताना बजावलं, पाय मोडला, वाट चुकलास, तर तीन बार काढ. बाबांनी शिकवलेलं.

वर्ना: इथं सगळ्यांच्याच बापांनी तेच शिकवलंय. ऊठ. माझ्या गाडीत बस.

(दोघं अंगणात येतात. खोऱ्याकडून लांबवर बार ऐकू येतात.)

डेल: एक. दोन... तीन. टेटच आहे. जिवंत आहे, बाई.

वर्ना: दार लाव.

डेल: किती वेळ लागेल आपल्याला?

वर्ना: गाडीनं दहा मिनिटं. वर चढायला अर्धा तास.

डेल: कुणी येईपर्यंत दर दहा मिनिटांनी तीन काढायचे, असं सांगायचे बाबा. टेट एकदाही चुकवायचा नाही.