तोडणकरांच्या त्रेसष्ट बाटल्या

मंडळी, आज पूर्वरंग लांबवत नाही. एकच प्रश्न विचारतो. देवानं दिलेली चांगली वस्तू आपण जपतो – म्हणजे नेमकं काय करतो? तिची कदर करतो, की तिला कोंडून ठेवतो? पहिल्या रांगेतल्या काकू मान डोलावताहेत, पण उत्तर देत नाहीत. बरोबर आहे, उत्तर अवघड आहे. म्हणून गोष्ट सांगतो.

गोष्ट स्कॉच व्हिस्कीची आहे. थांबा, उठू नका! आणि तबलजी, तुम्ही एवढे खूष होऊ नका. माझ्या गळ्यात माळ आहे, मी थेंबाला शिवत नाही. पण माणसाचं मन कुठे अडकेल ते काही आपण ठरवत नाही ना? ऐका तर.

दाभोळजवळ एका वाडीत यशवंत तोडणकर राहतात. मालवाहू जहाजांवर चीफ इंजिनियर होते. तीस वर्षं समुद्रावर. ज्या बंदरात चांगली स्कॉच दिसेल तिथून एक बाटली आणायची, हा छंद. घरी सागवानी कपाट, पुढं काच, काचेला कुलूप, आणि आत त्रेसष्ट बाटल्या. एकही उघडलेली नाही! मग संध्याकाळी हे काय घेत? चिपळूणच्या दुकानातली साधी, पाणी घालून, त्या कपाटाकडे बघत बघत. हसताय? आपल्या घरी पाहुण्यांचे कप वेगळे आणि आपला कान तुटलेला कप वेगळा, असं नाही का? मग हसा हळू.

त्यांची बायको सुलभाताई दर शनिवारी कपाट पुसायच्या आणि म्हणायच्या, "त्रेसष्ट पाहुणे सांभाळतेय मी. एक जेवत नाही की एक जात नाही."

त्या त्रेसष्टात एक बाटली खास होती. जहाज दुरुस्तीसाठी ग्लासगोला लागलं होतं, तेव्हा तोडणकर आणि वसईचा कॅस्पर डिमेलो – हा जहाजावरचा रेडिओ ऑफिसर, जिवाभावाचा मित्र – दोघं बोटीनं एका बेटावर गेले. तिथं एका छोट्या भट्टीत दोघांनी मिळून ती घेतली आणि ठरवलं, नोकरी संपली की एकत्र उघडायची.

नोकरी संपली. कॅस्पर आला. तोडणकर म्हणाले, "मुलीच्या लग्नात उघडू." लग्न झालं. "एवढ्या गर्दीत नको रे, कोणाला कळणार तिची किंमत?" मग साठी झाली, मग नात झाली. बारा वर्षं गेली, मंडळी. कॅस्परनं विचारणं सोडून दिलं.

आणि एका फाल्गुनात त्याचा फोन आला. "यशवंत, नाकाच्या मुळाशी गाठ निघालीय. साधीच आहे, जिवाला भीती नाही. पण काढल्यावर वास येणं कायमचं जाणार म्हणतायत. सोमवारी दाखल होतो. शनिवारी तुझ्याकडे येऊ?"

शनिवारी सकाळी कॅस्पर आला. आधी अंगणातल्या फुललेल्या सुरंगीच्या झाडाखाली जाऊन उभा राहिला, डोळे मिटून. मग स्वयंपाकघरात गेला. "वहिनी, फोडणी देताना मला बोलवा." मग जेटीवर जाऊन डिझेलचा आणि ओल्या जाळ्यांचा वास घेऊन आला. अहो, आपण काशीला जाताना जसे नातेवाइकांना भेटून घेतो, तसा हा माणूस वासांना भेटत फिरत होता.

जेवण झालं. तोडणकरांनी विचारलं, "आणि बाटली?"

"ती नको."

"का?"

"ती तुझी आहे, यशवंत. आपली होती तेव्हा मी मागत होतो."

रागानं नाही बोलला. राग असता तर बरं झालं असतं! बारा वर्षांत पहिल्यांदा तोडणकरांना स्वतःची लाज वाटली. मग उठले, कुलूप काढलं आणि ती बाटली आणून मित्रासमोर ठेवली. बूच फिरवलं – आणि ते सुकलेलं बूच अर्धं तुटून आत पडलं. चुरा झाला.

तोडणकरांचा चेहरा उतरला. "संपलं. जपून जपून घालवली मी."

सुलभाताई म्हणाल्या, "काही संपत नाही." आणि चक्का बांधायचं धुतलेलं फडकं घेऊन आल्या. स्कॉटलंडची व्हिस्की, श्रीखंडाच्या फडक्यातून, स्टीलच्या तांब्यात गाळली!

कॅस्परनं वाटी नाकाशी धरली. कितीतरी वेळ तशीच धरली. दोघं त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

"काय येतंय?" तोडणकरांनी विचारलं.

"ओली राख. मध. आणि... बंदरावरचा डांबर लावलेला दोर." त्याचे डोळे भरले होते आणि तो हसत होता. "घे की रे, तू पण घे."

तोडणकरांनी घेतली. आणि तो इंजिनरूममध्ये आयुष्य काढलेला माणूस लहान मुलासारखा हसू लागला. मग काय! त्यांनी दुसरी काढली, तिसरी काढली. प्यायला नव्हे, चमचा चमचा हुंगायला. अकरा बाटल्या उघडल्या त्या दुपारी. सुलभाताईंनी एक हुंगून जाहीर केलं, "ह्याला काजूच्या बोंडाचा वास आहे." आणि होता! शेजारचे आले, ते हुंगून गेले. त्या घरात लग्नातही झाला नव्हता एवढा आनंद झाला.

सोमवारी कॅस्पर दाखल झाला. गाठ निघाली आणि वास गेला. चमत्कार झाला म्हणून मी सांगणार नाही, कारण तो झाला नाही.

पण गणपतीत कॅस्पर पुन्हा आला. तोडणकरांनी त्याच बाटलीतून दोन वाट्या भरल्या. आपली नाकाशी धरली, डोळे मिटले आणि सांगू लागले, "आज धूर कमी आहे. आधी मध येतोय. मागून भिजलेलं लाकूड." कॅस्पर एक घोट जिभेवर धरून ऐकत होता. म्हणाला, "थांब. मधाचं परत सांग."

मंडळी, बाटल्या जमवणारा माणूस मित्राचं नाक झाला. कदर म्हणतात ती ही.

आता तुमच्याकडे वळतो. काकू, घडी न मोडलेली ती पैठणी कुणासाठी ठेवलीय? आणि मागं खांबाला टेकलेले तुम्ही – भावाशी बोलायचं म्हणून मनात जे ठेवलंय, ते कुठल्या मुहूर्ताला काढणार? भाऊ आज आहे, त्याला ऐकू येतंय. आरती होऊ द्या, प्रसाद घ्या. आणि देवळाच्या पायऱ्या उतरायच्या आधी त्याला फोन लावा.