अंगाला टोचलं की सांगा

...नाही, पण मी म्हणतो, सुती म्हणजे सुती, त्यात एवढं बघायचं काय? तुम्हाला सांगतो, आमच्या घरात चादरींचा धंदा निघालाय आणि भागीदार कोण, तर माझी बायको आणि माझी सख्खी मोठी बहीण! म्हणजे मी कुणाच्याही बाजूने बोललो तरी मेलोच! त्यात पहिलंच काम पाळणाघराचं. तिथल्या बाईंनी बजावलेलं, "एका जरी पोराच्या अंगावर पुरळ उठलं, तर सगळा माल परत!" झालं! दोघी मला घेऊन ठोक व्यापाऱ्याच्या दुकानात. बायको कापड गालाला लावते, "वन्सं, किती मऊ आहे बघा!" ताई उजेडात धरते, "मऊ कसलं, विरळ आहे! पलीकडचा माणूस दिसतोय!" पलीकडे मीच! हळूच म्हटलं, "अगं, सुती म्हणजे सुती..." तर दोघी एकदम, "तू गप्प बस!" "तुम्ही गप्प बसा!"

मग ताईला सुचलं, "ह्यालाच झोपवून बघू, ह्याची कातडी लहानपणापासून नाजूक!" अहो, भर दुकानात! गिऱ्हाइकं ये-जा करताहेत आणि मी शर्ट काढून व्यापाऱ्याच्या गादीवर आडवा! खाली एकेक कापड सरकवताहेत... एक टोचतंय, एक चिकटतंय, एकाला खळीचा वास... आणि मग, काय सांगू, अहाहा! डोळाच लागला! जागा झालो तर दोघी खूश, "हेच! हेच द्या!" व्यापारी कसनुसा हसला, "ताई, कापड तर मी मघाशीच काढून घेतलं. हे आमचं गादीवरचं जुनं अंथरूण. त्या टोचणाऱ्या ताग्यातलंच, पण धुऊन धुऊन असं झालंय!"

आता शहाण्या माणसाने हसून सोडून दिलं असतं की नाही? पण बायकोचे डोळे चमकले, "म्हणजे धुतलं की मऊ होतं!" ताई म्हणाली, "आणि वीणही घट्ट, टिकेल!" जमलं की एकमत! टोचणारे तागेच्या तागे घरात आले. आणि धुणार कोण? भिजव, चोळ, पीळ, वाळव, पाठीला लाव, टोचलं की पुन्हा भिजव! पाठ लाल, हात सोललेले, आणि वर ताई विचारते, "काय रे, सुती म्हणजे सुती ना?"

चादरी गेल्या. आम्ही तिघंही जीव मुठीत धरून. शेवटी पाळणाघराच्या बाई स्वतःच आल्या, "एकालाही पुरळ नाही हो! उलट पोरं पडल्या पडल्या झोपतात!" बायको आणि ताई एकमेकींच्या गळ्यात! मी बाईंना दारापर्यंत सोडायला गेलो आणि हळूच विचारलं, "बाई, दुपारपुरती एखादी जागा आहे का हो तुमच्याकडे?"

"अरे वा! मूल केवढं आहे?"

म्हटलं, "तुमच्यासमोर उभं आहे!"