पालीच्या पेटीतला पैलवान

शांघायच्या प्राण्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी सासरे आणि सून बसले होते. सुनेच्या मांडीवर पाळलेल्या पालीची पेटी होती.

"बाबा, पालीला दुकानातून आणलेल्या ट्रेमधले रातकिडे घालायचे असतात. तुम्ही झुंजीसाठी पाळलेला रातकिडा नव्हे."

"तुझे ट्रेमधले गाजरं खाऊन मेंगळट झालेत. म्हटलं, तिला जरा दमदार घास मिळू दे."

"आणि पेटीत रात्रभर ठेवलात?"

"परवाच झुंज हरला होता तो. फुकट कोण पोसणार?"

"हरलेल्यानं पालीचं बोट कुरतडलंय. आता कुठंय तो?"

"कोटात. बाहेर गारठा आहे ना."

"वा. आणि ही?"

"डॉक्टरांना हिचं वजन करायला सांग, सूनबाई. झुंज जिंकली की आमच्या मंडळींना हरलेल्याचं वजन सांगावं लागतं."