दाताची जागा

आळसाला श्रद्धेचे सोवळे नेसवणारी माणसे मला सोसत नाहीत. इंदिरानगरात राहणारा माझा पुतण्या सुधाकर त्यांतलाच. त्याच्या सहा वर्षांच्या अन्वीची दुधाची दाढ किडली, ती काढावी लागली. मी सोबत होतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नवा दात यायला अजून चार वर्षे आहेत. तोवर मागची दाढ पुढे सरकून त्याची जागा बळकावेल. जागा राखायला तारेची छोटी कडी बसवू."

"दुधाच्या दातासाठी एवढा थाट?" असे म्हणत सुधाकरने काढलेली दाढ तेवढी कागदात बांधून मागितली.

घरी येताच तो लेकीला गच्चीवर घेऊन गेला आणि रीतीप्रमाणे "देवा, नवा दे" म्हणत त्याने दाढ फेकली. कौले कुठली! ती शेजारच्यांच्या सोलरवर टणकन आदळली.

"झालं काम," तो खाली येऊन म्हणाला. माझी मुद्रा पाहून वर विचारतो, "काका, रोज पूजा करता, आणि तुमचाच देवावर विश्वास नाही?"

"आहे. तो दात नक्की देईल. तो ठेवायचा कुठे, एवढेच डॉक्टरीणबाई विचारत होत्या."

सुधाकर हसला. त्याच्या बायकोने मात्र न हसता दवाखान्याला फोन लावला.